भीती वाटते का रे?

शैलजाबाईंच्या पिंडाला कावळा काही केल्या शिवेना.

कावळे नव्हते म्हणावं, तर तसंही नाही. सांगलीच्या घाटावर कावळ्यांना काय तोटा? समोरच्या पिंपळावर त्यांची सभाच भरली होती, पण खाली उतरायचं एकाच्याही मनात येत नव्हतं. शैलजाबाईंना आवडायची म्हणून पिंडाशेजारी नारळाची वडी ठेवली होती, तिला मुंग्या लागल्या. ऊन डोक्यावर आलं. "दर्भाचा कावळा करून शिववू या का?" असं गुरुजींनी दोनदा सुचवलं, आणि दोन्ही वेळा दिनूमामा त्यांच्या अंगावर धावून गेले.

दिनूमामा म्हणजे शैलजाबाईंचे धाकटे भाऊ. "माझी ताई अशी गवताच्या कावळ्यानं फसायची नाही," ते म्हणाले. "तिचा जीव कशात तरी अडकलाय. शब्द द्या रे तिला, शब्द द्या!"

मग एकेक जण पुढे झाला. सून अनुजा हात जोडून म्हणाली, "आई, तुमची जास्वंद मी जपेन." कावळा हलला नाही. मामा स्वतः म्हणाले, "ताई, बांधावरून मी पुन्हा कधी कुणाशी भांडायचो नाही." त्यावर तर दोन कावळे उडून नदीपलीकडे गेले. मागे कुणाला तरी तशातही हसू फुटलं.

उरला हर्षद. एकुलता एक मुलगा, चाळिशी उलटलेला, मुंडण केलेला, ओल्या पंच्यात उभा. त्याच्या चेहऱ्यावर ना हर्ष ना खेद. रेशनच्या रांगेत माणूस उभा असतो ना, तसा. आई गेल्याचं त्याला माहीत होतं. लोकांना भूक लागली असणार, गुरुजींना दुसरीकडे जायचं असणार, हेही त्याला कळत होतं. कुणीतरी हे संपवायला हवं, एवढाच विचार करून तो पुढे झाला आणि ऑफिसात बोलायचा त्याच सपाट, नम्र आवाजात म्हणाला, "आई, मी ही नोकरी सोडतो. परत पोहायला शिकवायला लागतो."

फडफड झाली. एक कावळा थेट पिंडावर उतरला.

घाटावर एकच हुंदका उठला. मामा तर लहान पोरासारखे रडले. अनुजानं नवऱ्याचा दंड धरला आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. तो कावळ्याची चोच भाताला नीट लागली की नाही ते बघत होता. लागली म्हटल्यावर तो पाय पुसायला गेला.

आता ही नोकरी होती तरी काय, ते सांगायला हवं. महापूर दर दोन-तीन वर्षांनी यायला लागले, तसे विम्याचे दावे माणसांना उपसेनात. ते काम यंत्रांकडे गेलं. यंत्र फोटो बघायचं, पाण्याची पातळी बघायचं, कलमं लावायचं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत निकाल द्यायचं. पण यंत्रानं दारं तोंडावर आपटलेली लोकांना खपेनात. आंदोलनं झाली, कायदा आला: नकार द्यायचा तर तो जिवंत माणसानं, समोरासमोर कळवला पाहिजे. कंपन्या पक्क्या. निकाल यंत्राचाच ठेवला आणि तोंडापुरती माणसं नेमली. हर्षद त्यातलं एक तोंड. दिवसभर पडद्यावर माणसं यायची. कुणी भिंतीवरची पाण्याची रेघ दाखवायचं, कुणी फुगलेलं कपाट, कुणी नुसतंच रडायचं. त्यानं म्हणायचं, "आपला दावा मंजूर होऊ शकत नाही. झालेल्या त्रासाबद्दल कंपनीला खेद आहे." निकाल बदलायचा अधिकार त्याला नव्हता. पाणी प्यायला उठायचा मात्र होता.

पहिल्या वर्षी तो दुपारचा डबा ओकून टाकायचा. मग ऑफिसात 'निवांत' आली.

'निवांत' म्हणजे कपाळावरून कानशिलांवर बसणारी एक पट्टी. मेंदूत, कानशिलाच्या आतल्या बाजूला, घड्यांमध्ये दडलेला एक पदर असतो. डॉक्टर त्याला इन्सुला म्हणतात. पोट, काळीज, घसा, आतडी यांच्याकडची सगळी खबर तिथे गोळा होते. आपण म्हणतो, पोटात गोळा आला, घशाशी आवंढा आला, काळजात चर्र झालं. या काही नुसत्या बोलायच्या गोष्टी नाहीत. शरीरात खरोखरच काहीतरी होतं, त्याची वर्दी या पदराला जाते आणि तिथून आपल्याला कळतं की आपण घाबरलोय, आपल्याला वाईट वाटतंय. पट्टी दोन बाजूंनी ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडायची, आणि त्या दोन्हींचा नेम बरोबर या पदरावर धरलेला असायचा. वर्दी यायची, पण कुजबुजीसारखी. मुळात जुनाट दुखण्याच्या रोग्यांसाठी निघालेली ही सोय, ऑफिसांनी ती उचलली. पट्टी काढली की सकाळपर्यंत माणूस पूर्ववत, असं कंपनीचं म्हणणं होतं.

पहिल्या दिवशी हर्षद घरी आला, चवीनं जेवला आणि गाढ झोपला. अनुजानं देवापुढे साखर ठेवली. पुढच्या वर्षी तिच्या लक्षात आलं, की भाजीत मीठ नसलं तरी हा बोलत नाही. त्याच्या पुढच्या वर्षी ती मुद्दाम भांडून बघायला लागली. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "तुझं बरोबर आहे." अशा माणसाशी भांडण तरी कसं करायचं? तिनं तो नाद सोडला.

आणि मग शैलजाबाईंचं दुखणं आलं. शेवटच्या आठवड्यात हर्षद ऑफिस सुटलं की नेमानं दवाखान्यात जायचा. उशी सारखी करायचा, औषधांच्या वेळा बघायचा. नर्सबाई म्हणायच्या, मुलगा असावा तर असा. एका संध्याकाळी शैलजाबाईंनी त्याचा हात धरला आणि विचारलं, "मी आता जाणार. भीती वाटते का रे तुला?"

हर्षदनं आत बघितलं. खरं ते सांगायचं, म्हणून त्यानं नीट चाचपून बघितलं. आत काहीच नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

"बरं," शैलजाबाई म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनी हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे कूस वळवली. दारात अनुजा फळं घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

घाटावरून आल्यावर हर्षदनं राजीनामा दिला. द्यायचा म्हणून दिला. शब्द दिला होता, कावळा शिवला होता, आता मागे फिरायचं म्हणजे आईशी दगाबाजी. दगाबाजी वाईट असते हे त्याला पाठ होतं, तेवढं पुरे होतं.

ऑफिसचा नियम असा, की राजीनामा दिला की पट्टी त्याच दिवशी जमा करायची आणि नोटिशीचे तीन महिने कोऱ्या कपाळानं काम करायचं. यात मेख होती. पट्टी उतरली की वर्षानुवर्षांचं तुंबलेलं अंगावर यायचं. माणसं खुर्चीत बसल्या बसल्या थरथरायची, स्वच्छतागृहात कोंडून घ्यायची. पंधरवड्याच्या आत बहुतेक जण साहेबांपुढे उभे: सर, राजीनामा मागे घेतो, पण पट्टी द्या. साहेबही उदार मनानं द्यायचे.

हर्षदचे साहेब म्हणजे बेलवलकर. ते वाट बघत होते. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. हर्षद उघड्या कपाळानं यायचा, नकार द्यायचा, डबा खायचा, घरी जायचा. एकदा आष्ट्याकडची एक बाई पडद्यावर त्याच्या पाया पडली. आजूबाजूच्या खुर्च्यांतले पट्टीवालेसुद्धा चुळबुळले. हर्षद म्हणाला, "कृपया उठा, आपला आवाज नीट येत नाही."

बेलवलकरांनी त्याला आत बोलावलं आणि चहा मागवला. "तांबवेकर, तुम्ही तर हिरा निघालात! पट्टीशिवाय हे काम करणारा माणूस मी आजवर पाहिला नाही. राजीनामा फाडून टाका. अख्खा विभाग तुमच्या हाताखाली देतो. नव्या लोकांना शिकवा."

"काय शिकवू?"

"हेच! तुम्हाला जे जमतं ते."

"मला काही जमत नाही सर," हर्षद म्हणाला. "मला काही होत नाही, एवढंच."

"तेच तर!" बेलवलकर हसले. "शेवटच्या दिवसापर्यंत विचार करा."

ही बढतीची बातमी हर्षदनं घरी भाजी निवडता निवडता सांगितली. अनुजाच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "तुला हवीय का ती?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"आणि पोहण्याचं? ते तरी हवंय का?"

"तेही माहीत नाही. पण शब्द दिलाय."

दुसऱ्याच दिवशी ती त्याला ओढत मिरजेला घेऊन गेली. डॉ. नफीसा मुजावर यांच्याकडे पट्टीवाल्यांची रीघच लागलेली असायची. त्यांनी हर्षदच्या मेंदूची चित्रं काढली, हाताला बर्फ लावून बघितला, लिंबू चाटवलं, आणि त्याला आपल्या नाडीचे ठोके मनातल्या मनात मोजायला सांगितले. त्याला ते सापडलेच नाहीत.

"आडगावचं टपाल ऑफिस असतं ना, तसं झालंय तुमचं," डॉक्टर म्हणाल्या. "वर्षानुवर्षं पत्रं येऊन पडली, कुणी उघडली नाहीत. शेवटी मेंदूनं ऑफिसच बंद केलं. पत्रं अजून येतात हं, पण घ्यायला कुणी नाही."

"उघडेल का ते परत?" हे अनुजानं विचारलं.

"काहींचं उघडतं, काहींचं नाही. खोटा धीर देत नाही मी. गोळी नाही यावर. एक सवय सांगते. समोरच्या माणसाला विचारायचं, तुला आत्ता अंगात कुठे काय होतंय? तो जी जागा सांगेल, ती आपल्या अंगात शोधायची. सापडली नाही तरी रोज शोधायची." मग त्या हर्षदकडे वळल्या. "आणि उघडलंच, तर आधी काही आनंद-बिनंद यायचा नाही. बहुतेकांना पहिली भीतीच येते. तयारी ठेवा."

"ठेवतो," हर्षद म्हणाला.

पोहण्याचं खूळ मुळात कुठून आलं, तर तरुणपणी हर्षदनं अर्ध्या गल्लीला कृष्णेत पोहायला शिकवलं होतं. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा आणि द्यायचं पोराला ढकलून. पण ढकलायच्या आधी त्याच्या कानात काहीतरी बोलायचा, म्हणे, आणि पोरगं हसत हसत पडायचं. काय बोलायचा ते त्याला आता आठवत नव्हतं. शैलजाबाई घाटाच्या पायरीवर टॉवेल घेऊन बसायच्या आणि शेजारणींना सांगायच्या, "हा पाण्यात असला की माझ्या जिवाला घोर नसतो." आता तर दर वॉर्डात तलाव झाले होते, घरातल्या प्रत्येकाला पोहता आलंच पाहिजे असा फतवा निघाला होता, आणि शिकवणारे मिळत नव्हते. सुट्टीच्या दिवशी हर्षद शिक्षक होण्याच्या वर्गाला जायला लागला.

तिथल्या मुख्य शिक्षिका रेखा खोत. आडव्या बांध्याच्या, गळ्यात शिट्टी, तोंडात लवंग. हर्षदचे पाण्यातले हात-पाय बघून त्या खूश झाल्या. "आता एक नवखा आणा आणि शिकवून दाखवा. जमलं की प्रमाणपत्र घेऊन जा."

नवखी म्हणून अनुजाच उभी राहिली. तिचं हे धाडस सोपं नव्हतं. एका महापुरात ती माहेरच्या पत्र्यावर दिवसभर अडकली होती. तेव्हापासून भरलेल्या बादलीचीही तिला धास्ती वाटायची. पण हा माणूस परत मिळवायचा तर पाण्यातूनच मिळेल, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

हर्षदनं पुस्तकात होतं तसं सगळं केलं. श्वास शिकवला, पाय शिकवले, पोटाखाली हात धरून तरंगायला लावलं. पुस्तकात पुढची पायरी होती हात काढून घेण्याची. त्यानं हात काढून घेतला.

अनुजा खाली गेली. वर आली, तोंड उघडलं, आवाज फुटला नाही, परत खाली गेली. हर्षद हाताच्या अंतरावर उभा होता. ती पाय मारते का, हे तो लक्ष देऊन बघत होता. पाय मारत नाही असं दिसलं तेव्हा त्यानं तिला व्यवस्थित काखेत धरून काठावर आणलं. त्याची पकड एकदम बिनचूक होती.

ती खोकली, ओकली, आणि दम परत आल्यावर तिनं त्याच्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या. "मी मरत होते रे! मरत होते, आणि तू माझ्याकडे असा बघत होतास, जसा काही मी दावा मांडलाय आणि तू नामंजूर करणार आहेस!"

खोतबाई जवळ आल्या. त्यांनी अनुजाला टॉवेल दिला आणि हर्षदला बाजूला घेतलं. "तुम्हाला पाण्यात काही धोका नाही, तांबवेकर. पण तुमच्या हातात मी कुणाचं पोर द्यायची नाही. शिकणाऱ्याची भीती आधी आपल्या पोटात यावी लागते, मग हात आपोआप वेळेवर पुढे जातो. तुमचा हात हिशेब करून गेला. एखाद दिवस हिशेब चुकेल."

"बरोबर आहे तुमचं," हर्षद म्हणाला, आणि कपडे बदलायला गेला.

म्हणजे बघा, कसा पेच होता. एका दारात म्हणत होते, तुला काही होत नाही म्हणून ये. दुसऱ्या दारात म्हणत होते, तुला काही होत नाही म्हणून येऊ नकोस. आणि हर्षदला दोन्हींचं काहीच वाटत नव्हतं. अनुजा दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दिनूमामा आले, चहा प्याले, आणि चपला घालता घालता म्हणाले, "हर्षा, कावळ्याचं मनावर घेऊ नकोस. त्या दिवशी घाटावर एक कुत्रं होतं, ते हाकललं मी, म्हणून उतरला तो. पिंपळाखाली केव्हाचं बसलं होतं."

"तुम्ही तर रडलात, मामा."

"ताई गेली म्हणून रडलो रे बाबा. कावळ्यासाठी कोण रडतंय?"

म्हणजे शब्दाचं बंधनही सुटलं. आता त्याला अडवायला काही नव्हतं आणि ढकलायलाही काही नव्हतं.

शेवटच्या दिवशी बेलवलकरांनी त्याच्यापुढे नव्या जागेचा करार ठेवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं. हर्षदनं पेन घेतलं.

"सर, एक विचारू? ती आष्ट्याची बाई पाया पडली, तेव्हा तुम्हाला काय झालं?"

बेलवलकरांच्या कपाळावरची पट्टी साहेबी होती, अगदी बारीक. "मला? काही नाही."

"मलाही नाही," हर्षद म्हणाला. त्यानं पेनाला टोपण लावलं आणि ते टेबलावर ठेवलं. "येतो मी."

"अहो, पण मनापासून जायचंय का तुम्हाला? तिकडे तरी काय आहे?"

"मनापासूनचं काही माहीत नाही, सर. त्याची वाट बघत बसलो तर इथेच म्हातारा होईन. आधी जातो. मन आलं तर येईल मागून."

बाहेर पडताना त्याला मोकळं वाटलं का? नाही वाटलं. दारावरच्या पहारेकऱ्याला त्यानं ओळखपत्र दिलं आणि तो तलावाकडे चालत गेला. तिथे खोतबाईंना म्हणाला, "मला पोटात कळत नाही, हे खरं. पण मी विचारू शकतो. पावलागणिक विचारीन."

"लोक खोटं सांगतात. नाही भीती म्हणतात."

"मी भीती वाटते का असं विचारणारच नाही. कुठे होतंय ते विचारीन. इतकी वर्षं लोकांचं ऐकत बसलोय मी. जागा सांगताना सहसा कुणी खोटं बोलत नाही."

खोतबाईंनी लवंग या गालातून त्या गालात नेली. "शिकाऊ म्हणून या. कमरेइतक्या पाण्याच्या पुढे नाही. आणि मी काठावर."

अनुजा परत पाण्यात उतरली, ती का उतरली हे तिचं तिलाच ठाऊक. आता मात्र हर्षद बोट हलवायच्या आधी विचारायचा.

"आत्ता कुठे होतंय?"

"घशात."

तो आपल्या घशात शोधायचा. काही नसायचं. "थांबू?"

"थांब जरा... हं. आता पोटात. बेंबीच्या वर. मुरडल्यासारखं."

तो बेंबीच्या वर शोधायचा. तिथेही काही नाही. पण तो थांबायचा, आणि ती हो म्हणेपर्यंत हात काढायचा नाही. असं रोज चाललं. इतर नवखेही हळूहळू त्याच्याकडे यायला लागले. हा माणूस ढकलत नाही आणि भित्रट म्हणत नाही, अशी ख्याती झाली. खोतबाई काठावरून बघायच्या. अनुजा तरंगायला शिकली, मग हात मारायला. हर्षद मात्र होता तसाच राहिला, मख्ख. घरी भाजीत मीठ नसलं तरी जेवायचा.

त्या सकाळी तलावात गर्दी नव्हती. अनुजा आडवी झाली, तिनं चार हात मारले आणि नेहमीच्या दोरीपाशी थांबायचं ते थांबली नाही. दोरीखालून पलीकडे गेली. पलीकडे खोल होतं. तिचं तिलाच नवल वाटत असावं, कारण ती मागे वळून हसली, आणि पाण्याची एक लाट तिच्या तोंडावरून गेली.

हर्षदच्या बेंबीच्या वर काहीतरी मुरडलं.

आधी त्याला वाटलं पेटका आला. मग ते वर सरकलं, छातीत आलं, आणि तिथे काहीतरी धाडधाड वाजायला लागलं. ते आपलं काळीज आहे हे त्याला कळायला वेळ लागला. हात कधीच पुढे गेला होता. पाय सुटले होते. तो दोरीपाशी कसा पोचला ते त्याला कळलं नाही.

"अनुजा! परत ये!"

"अरे, जमतंय मला! बघ ना!"

"जमतंय, दिसतंय मला. पण ये. ये तू परत."

त्याचा आवाज ऐकून ती हसायची थांबली आणि आली. त्यानं तिचं मनगट धरलं.

"काय झालं? कुठे होतंय?" आता ती विचारत होती.

"इथे. आणि इथे. सगळीकडे." त्याचे दात वाजत होते. "मला भीती वाटतेय, अनुजा. मला भीती वाटतेय."

ती दोन्ही हातांनी त्याला धरून उभी राहिली. काठावर खोतबाईंनी शिट्टी तोंडाशी नेली होती. ती त्यांनी खाली केली. हर्षदचं तोंड वेडंवाकडं झालं, आवंढा घशाशी आला आणि अडकला, आणि कितीतरी वेळानं, पाण्यात उभ्या उभ्याच, तो म्हणाला,

"आईला मी 'नाही' म्हणालो गं."